जमिनीखाली ढकललेलं झाड

गच्चीवर गाद्या पडल्या, दिवा मालवला, तरी पोरांची कुजबुज थांबेना. तेव्हा थोरल्या काकांनी उशी पाठीशी घेतली आणि घसा खाकरला. धाकट्या पुतणीने लगेच अट घातली. केस मोकळे सोडलेली बाई असेल तर ती आत्ताच खाली जाऊन झोपणार होती. काका म्हणाले, बाई नाही, विहीर नाही, पडका बंगलाही नाही. कॉम्प्युटर आहे. पोरं फिदीफिदी हसली. कॉम्प्युटरात कसलं आलंय भूत, त्यात फार तर व्हायरस असतो, असं थोरला पुतण्या म्हणाला. काकांनी त्याला हसून घेऊ दिलं. मग म्हणाले की ज्याच्यावर हे बेतलं तो आपल्या मागच्याच गल्लीत राहायचा, त्याच्या तोंडून ऐकलंय, पटलं तर घ्या नाहीतर झोपा.

आणि त्यांनी सुरुवात केली.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारची रात्र होती. झाड्या खुर्चीला तेल घालायला निघाला होता.

हसू नका. खरंच तेल घालायला. शिवणयंत्राला लागते तसली छोटी कुपी त्याने खिशात टाकली, आईला सांगितलं की अर्ध्या तासात येतो, आणि सायकल काढली. त्याचे मामा जिथे प्रमुख होते त्या शेडमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी बडी मंडळी यायची होती. त्यांचे अध्यक्ष ज्या खुर्चीवर बसणार ती कुरकुरत होती. मामांना ते जेवताना आठवलं, आणि मामांना काही आठवलं की झाड्याने जेवण सोडून उठायचं, हा त्या घरातला कायदाच होता.

झाड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ती शेड होती रेल्वे सिम्युलेटर बनवणारी. म्हणजे खोट्या इंजिनात बसायचं आणि पडद्यावरच्या रुळांवरून गाडी हाकायची. घरबसल्या खेळणारे हौशी लोकही ते विकत घेत, आणि रेल्वेतले नवे ड्रायव्हर शिकायलाही त्यावरच बसत. रूळ, सिग्नल, फलाट हे सगळं दुसरे लोक करायचे. झाड्याकडे होती रुळाची कड. तुम्ही गाडीच्या खिडकीतून जे बघता आणि लगेच विसरता, ते सगळं. खडीचे ढीग, रुळांखालून काढून गवतात टाकून दिलेले जुने स्लीपर, गंजके खांब, पोरांनी कुंपणाला पाडलेलं भगदाड, आणि घरांच्या मागच्या बाजू. पुढून सगळेच नटतात, घर ओळखावं ते मागून, असं तो म्हणायचा. त्याच्या रूटवर, म्हणजे पडद्यावरच्या मार्गावर, वाळत घातलेल्या चादरीलासुद्धा ठिगळ असायचं.

आणि झाडं. बाकीचे लोक एकच झाड करतात आणि शिक्का मारल्यासारखं हजार ठिकाणी उठवतात. याला ते खपायचं नाही. हा जाऊन खऱ्या झाडाच्या सालीचे फोटो काढायचा, पानं खिशात भरून आणायचा. म्हणून झाड्या.

असाच एका मार्गाचे फोटो काढायला तो एकदा खऱ्या इंजिनात बसला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, बोलका माणूस. डब्यातलं अर्धं झाड्याला खायला घातलं. बायकोला आपली गाडी कशी लांबूनच भोंग्यावरून ओळखू येते, ते सांगत होता. एक मोठं स्टेशन यायच्या आधी रूळ डावीकडे वळतात. त्या वळणावर एक थोरलं झाड होतं आणि त्याची एक फांदी बरोबर सिग्नलच्या तोंडावर आली होती. ड्रायव्हरने गाडी आधीच हळू केली. म्हणाला,

"हे झाड तेवढं नीट घाल हं बाळा. इथला सिग्नल दिसत नाही, एकदम अंगावर येतो. मला माहीत आहे म्हणून मी जपून असतो. रात्री, धुक्यात, माहीत असूनही फसायला होतं. नवी पोरं शिकायला बसतील, त्यांना कळायला हवं."

फांदी छाटा म्हणून त्याने वर किती वेळा सांगितलं होतं, याची गणतीच नव्हती. सांगायचं कुणाला? तर तेव्हा रेल्वे खात्यात साहेब असलेल्या झाड्याच्या मामांनाच. रुळाकडेची झाडं छाटायची माणसं त्यांच्याच हाताखाली. आणि मामांचं उत्तर ठरलेलं. एका फांदीसाठी माणसं पाठवू का मी?

झाड्याने ते झाड मन लावून केलं. शेडमध्ये सगळे म्हणाले, पान न् पान उतरलंय.

पुढे मामा निवृत्त झाले आणि सिम्युलेटरच्या शेडचे प्रमुख होऊन बसले. आणि वर्षभरात, धुक्याच्या एका पहाटे, त्याच वळणावर तो ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडून पुढे गेला. पुढे मालगाडी उभी होती. डब्यातल्या लोकांचं जखमांवर निभावलं. इंजिन जळून कोळसा झालं, आणि त्यात तो.

पुतणी उठून बसली होती. काका थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते झाड बुंध्यापासून कापलेलं होतं. इतकी वर्षं एका फांदीला माणसं मिळत नव्हती, आणि एका रात्रीत अख्ख्या झाडाला मिळाली. मग चौकशी समिती आली. सिग्नल तर लांबून लख्ख दिसतोय, असं खात्याने सांगितलं. माणूस झोपला असणार. त्याने ब्रेक लावलाच नाही. मेलेला माणूस काय उलटून बोलणार? दोष त्याच्या माथी मारला की बायकोचं निवृत्तिवेतन बंद, राहतं क्वार्टर खाली करायचं, आणि मुलीने जन्मभर ऐकायचं की तुझ्या बापाने गाडी ठोकली.

समितीने ठरवलं की सिम्युलेटरवर तो मार्ग स्वतः चालवून बघायचा. तीच सोमवारची सकाळ.

आता मामांचा पवित्रा बघा. ते झाड्याला म्हणाले, आपलं ब्रीद काय? जे आहे तसं हुबेहूब. आज त्या वळणावर झाड आहे का? नाही. मग आपल्या रूटवर कशाला? झाड्या म्हणाला की अपघाताच्या वेळी तर होतं. मामांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. खात्याकडून शेडला मोठं काम मिळायचं होतं, शिवाय कुणी जुन्या तक्रारी उकरल्या तर त्या कुणाच्या दारात येऊन थांबणार हे मामांना पक्कं ठाऊक होतं. घरी आईनेही झाड्यालाच समजावलं. मामाने नोकरी लावली, मोठ्यांपुढे तोंड वर करून बोलू नये, त्यांना आपल्याहून जास्त कळतं. मोठ्यांना जास्त कळतं, यात खोटं काहीच नव्हतं. मामांना सगळंच कळत होतं.

मधे एकदा ड्रायव्हरची बायको झाड्याच्या दारात आली. चिडली नाही, रडली नाही. तिने एवढंच विचारलं, तुम्ही त्यांच्या इंजिनात बसला होता ना, मग झाड पाहिलं असेल. झाड्या चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, आठवत नाही.

ती गेली. त्याने त्याच दिवशी झाड काढलं.

म्हणजे काढलं असं नाही. त्या धंद्यात एक आळशी सवय असते. नको असलेली वस्तू कुणी पुसत नाही. पुसली की तिला जोडलेल्या दहा गोष्टी बिघडतात, सावली चुकते, शेजारचं कुंपण अधांतरी लटकतं. त्यापेक्षा वस्तू धरायची आणि जमिनीखाली ढकलून द्यायची. वरून कुणाला दिसतंय? आमच्या रूटखाली खणलं तर दुसरं गाव निघेल, असं झाड्या एरवी हसत सांगायचा. ते झाडही त्याने तसंच ढकललं. उभंच्या उभं.

तर त्या रविवारी रात्री तो शेडवर पोचला. अकरा वाजून गेले होते. रखवालदार फाटकाशी डुलक्या घेत होता.

शेड म्हणजे एक लांबलचक दालन. मधोमध एका जुन्या इंजिनाचं कापून आणलेलं तोंड, चाकं नसलेलं, चार लोखंडी पायांवर उभं. आत खरीच खुर्ची, खराच ब्रेकचा दांडा. काचेसमोर भिंतीएवढा पडदा. पडद्याच्या पलीकडे, इंजिनाच्या अगदी नाकासमोर, झाड्याचं टेबल. आत बसलेला माणूस तिथून दिसत नाही, आवाज तेवढा स्पीकरवर येतो.

त्याने खुर्चीला तेल घातलं. बसून बघितलं, कुरकुर गेली होती. निघायचंच, पण सकाळी नाचक्की नको म्हणून त्याने मार्ग एकदा चालवून बघायचं ठरवलं. गाडी आपोआप चालेल असं लावलं आणि टेबलाशी बसला.

सगळं ठीक. खडी, खांब, ठिगळाची चादर. वळण आलं. सिग्नल लख्ख. आणि सिग्नलच्या पायाशी, जमिनीतून, मूठभर पानं वर आलेली.

झाड्याला वाटलं आपणच कमी ढकललं. त्याने झाड आणखी खाली सारलं. गाडी परत मागे नेली.

वळण आलं. जमिनीतून फांदी बाहेर आली होती. कोपरापासून हात वर काढावा तशी.

त्याने झाड इतकं खाली लोटलं की इतकं कुणी कधी लोटत नाही. पुन्हा चालवलं.

झाड पूर्ण उभं होतं.

त्याने केलेलं झाड उन्हाळ्यातलं होतं, हलक्या हिरव्या पानांचं. हे काळसर. आणि बुंध्याभोवती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पांढरीफटक रेघ. करवतीची. ताजी. वर अख्खं झाड, आणि मधे चीर... असा घाव त्याने कधी काढलाच नव्हता.

पोरगं घाबरलं की काय करतं? मोठ्या माणसाला बोलावतं. झाड्याने मामांना फोन लावला.

मामा आले ते पायजम्यावर स्वेटर चढवून, तणतणत. आल्या आल्या झाड्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या निम्म्या आपल्याच आहेत हे रागात लक्षात राहिलं नाही. झाड्या चाचरत म्हणाला की मामा, मला वाटतं आपण ते झाड राहू द्यावं, त्या माणसाचं नाव तरी...

"त्या माणसाचं नाव मला सांगू नकोस," मामा म्हणाले. "मेला तो सुटला. आपल्याला जगायचंय. जा टेबलाशी, मी स्वतः चालवून दाखवतो तुला."

ते इंजिनात चढले. दार ओढून घेतलं. झाड्या पडद्यामागे जाऊन बसला. त्याच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर तेच दृश्य दिसायचं.

गाडी सुटली. स्पीकरवर मामा गुणगुणत होते. मुद्दाम, त्याला हिणवायला.

खडी. खांब. चादर.

वळण आलं.

झाड्याच्या पडद्यावर झाड नव्हतं. रान मोकळं. सिग्नल लालभडक, समोर. त्याने श्वास सोडला.

स्पीकरवरचं गुणगुणणं थांबलं.

"अरे," मामा म्हणाले. "हे झाड कुणी..."

"झाड नाहीये मामा."

"सिग्नल कुठाय?"

"समोर आहे. लाल आहे. ब्रेक लावा."

काही नाही. नुसता श्वास.

"मामा, ब्रेक."

"लावतोय..." आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दांडा हलत नाही. अरे, माझ्या हातावर..."

"काय?"

"माझ्या हातावर हात आहे..."

झाड्याला उठता येईना. छोट्या पडद्यावर सिग्नल मागे गेला. पुढे मालगाडी. तिचा शेवटचा डबा मोठा होत गेला. मोठा. आणखी मोठा.

मग भोंगा वाजला.

त्या सिम्युलेटरचा भोंगा मोबाइलच्या घंटीएवढा. हा तसला नव्हता. हा दूरवरून येत होता. लांब. थांबतच नव्हता. आणि त्याखाली लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज. दातांत शिरणारा. जमीन थरथरली. टेबलावरची कुपी लवंडली. जळल्याचा वास आला. सरळ त्याच्याच दिशेने... पडद्यापलीकडून... जवळ...

आणि दिवे गेले.

काकांनी पाठीशी घेतलेली उशी नीट केली. थोरल्या पुतण्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, आणि वारा सुटलाय म्हणाला. वारा नव्हता.

रखवालदाराने दिवे लावले तेव्हा मामा खुर्चीतच होते, काका सांगू लागले. जिवंत होते. ब्रेकच्या दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. डोळे सताड उघडे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काहीही झालेलं नाही, नजर शाबूत आहे. पण मामांना माणूस दिसेना. समोर आलेल्या प्रत्येकाच्या तोंडापुढून ते हाताने काहीतरी बाजूला सारत राहिले. पुढे वर्षानुवर्षं तेच. बायको घास भरवायला आली तरी तेच, मुलगा आला तरी तेच. ही फांदी काढा रे कुणीतरी. एक फांदी. माणूस पाठवा. आणि कोण पाठवणार?

"बरं झालं," धाकटी पुतणी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

आणि झाड्या? मामांना दवाखान्यात पोचवून तो पहाटे शेडवर परत आला. रूट उघडला. झाड होतं तिथेच होतं, जमिनीखाली खोल. आपोआप काही वर येणार नव्हतं. समिती यायची होती, आणि त्याला कुणी काही विचारणारही नव्हतं. मामा आजारी, एवढं सांगून मोकळा रूट दाखवला असता तरी चाललं असतं. पण त्याने झाड धरलं आणि वर ओढलं, बुंधा जमिनीला टेकेपर्यंत. आणि हवा धुक्याची केली.

अध्यक्ष खुर्चीत बसले. वळणावर त्यांनाही सिग्नल दिसला तो अंगावर आल्यावरच. त्यांनीही लाल ओलांडला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं की हे झाड कुठून आलं, आम्ही पाहिलं तिथे तर झाड नाही. झाड्याने सगळं सांगितलं. इंजिनातला प्रवास, फांदी, तक्रारी, मामा, रातोरात चाललेली करवत. त्याने काढलेले सालीचे आणि फांदीचे फोटो पुढे ठेवले. खात्याचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

ड्रायव्हरच्या माथ्यावरचा दोष गेला. बायकोचं निवृत्तिवेतन सुरू झालं, तेही मागच्या थकबाकीसकट. झाड्या तिला भेटायला गेला तेव्हा तिने दार उघडलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता आठवलं होय. आणि दार लावून घेतलं. काका म्हणाले, त्याला ते बरोबरच वाटलं.

शेड लवकरच बंद पडली. सामान हलवायला माणसं आली, तेव्हा झाड्याही होता. तिथे फरशीवर, तारा लपवायला, रबराची जाड चटई अंथरलेली असायची, इंजिनाखालून पार टेबलापर्यंत. चटईला कुठे ओरखडा नव्हता. एका माणसाने टोक धरून ती गुंडाळायला घेतली. थोडी गुंडाळली आणि थांबला. मग दुसऱ्याला हाक मारली.

खालच्या फरशीत दोन चर पडले होते. शेजारी शेजारी, सरळ, काठ जळून काळे झालेले. आत हात घातला तर लोखंडाचा बारीक कीस बोटांना लागला. कुणीतरी मधलं अंतर मोजलं. दोन रुळांत असतं तेवढंच.

चाकं नसलेल्या त्या इंजिनाखालून ते चर निघाले होते. पडद्याच्या खालून तसेच पुढे आले होते. आणि जिथे झाड्याची खुर्ची होती, तिच्या वीतभर अलीकडे थांबले होते.